दावा कोणत्या दारात?

[दृश्य : जुलै. पाऊस उघडलेला. काळ्या रानात कपाशीचे कोंब. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बाभळीच्या काट्या टाकलेल्या, अलीकडे खताची पोती भरलेली बंडी उभी.]

आजाच्या वेळेपासून याच धुऱ्यानं बंडी जायची. यंदा शेजाऱ्यानं काट्या टाकल्या. कास्तकार आधी ठाण्यात जातो, मग तलाठ्याकडे. शेवटी पारावर कोणीतरी म्हणतं, "टाक ना कोर्टात." कोणत्या कोर्टात, ते मात्र कोणी सांगत नाही. इथूनच वर्षं वाया जायला लागतात.

दिवाणी प्रक्रिया संहिता 1908 सालची. तिचं कलम 9 मोठ्या मनाचं आहे. दिवाणी स्वरूपाचा कोणताही वाद न्यायालयानं ऐकायचा, दुसऱ्या कायद्यानं मनाई केली नसेल तर. मेख आहे ती या "तर"मध्ये. शेतीच्या कितीतरी वादांत कायद्यानं पहिला अधिकार तहसीलदाराला दिलेला आहे.

[दृश्य : तहसील कार्यालयाचा व्हरांडा. हातात पिशव्या घेतलेली माणसं.]

हा अडलेला रस्ताच घ्या. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदारच न्यायालय म्हणून बसतो. रस्ता पूर्वी नव्हताच आणि आता धुऱ्यानं हवा असेल, तर जमीन महसूल संहितेचं कलम 143. तो निर्णय पटला नाही, तर एका वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो.

पण जमीन कोणाची, हा प्रश्न निघाला की तहसीलदाराचा अधिकार संपला. सातबाऱ्यावर नाव चढलं म्हणजे मालकी पक्की, असा समज गावोगाव आहे, आणि त्यापायी लोक फेरफाराच्या अपिलांत आयुष्य घालवतात. फेरफार ही महसुलाची नोंद. मालकी ठरवायची ती दिवाणी न्यायालयानं.

त्यात विदर्भाची एक वेगळी गाठ आहे. 1956 पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो, म्हणून इथला कूळकायदाही वेगळा, 1958 चा. दिवाणी दाव्यात प्रतिवादी म्हणाला, "मी या जमिनीचा कूळ आहे," की न्यायाधीशांना तो मुद्दा स्वतः ठरवता येत नाही. मुद्दा महसूल अधिकाऱ्याकडे जातो आणि दावा तिथंच थांबतो. हा थांबा केवढा असतो, ते ज्यांच्या घरात असा दावा आहे त्यांना विचारा. बाप पेशीला जायचा, आता पोरगा जातो.

[दृश्य : एसटी स्टँड. बॅग घेऊन उतरणारा शहरी माणूस.]

आता जागेचा प्रश्न. भाऊ पुण्यात नोकरीला, बहीण नागपूरला दिलेली, शेत दारव्हा तालुक्यात. वाटणीचा दावा शेत जिथं आहे तिथल्याच न्यायालयात लागतो. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 16 तसं सांगतं. हातउसने पैसे बुडवले असते, तर भावावर पुण्यातही दावा लावता आला असता. जमिनीच्या दाव्यात पुण्याच्या भावालाच पेशीला इकडे यावं लागतं. दोघांनी मिळून "आपण पुण्यातच भांडू" असं लिहून दिलं, तरी तो कागद चालत नाही. गुडगावच्या एका भूखंडाचा दावा 1988 साली दिल्लीत लागला होता. करारात दिल्लीच लिहिलेली होती. सर्वोच्च न्यायालयानं 2005 साली सांगितलं, दिल्लीला अधिकारच नाही. सतरा वर्षं गेली होती.

वर्धा नदीकाठी आणखी पेच. नदीच जिल्ह्याची हद्द. एकाच दाव्यातली शेतं दोन्ही काठांवर असली, तर कोणत्याही एका बाजूच्या न्यायालयात दावा चालतो. शेत नेमकं कोणत्या हद्दीत, याचीच खात्री नसेल, तर न्यायालय तशी नोंद करून दावा पुढे नेतं.

न्यायालय तालुक्याचं की वरचं, हे दाव्याच्या किमतीवर ठरतं. ती बाजारभावानं धरतील, ही भीती अनेकांना असते. साराभरणा असलेल्या, म्हणजे शेतसारा लागणाऱ्या, शेतजमिनीच्या ताब्याच्या दाव्यात ती साऱ्याच्या पटीत धरली जाते. त्यामुळे लाखोंच्या शेताचा वादही बहुतेक वेळा तालुक्यालाच, कनिष्ठ स्तर न्यायालयात चालतो.

दार चुकलंच, तर दावा परत मिळतो, योग्य न्यायालयात लावण्यासाठी. प्रामाणिकपणे चुकीच्या न्यायालयात गेलेला काळ मुदतीच्या हिशेबातून वगळता येतो. प्रतिवादीनं मात्र जागेचा आक्षेप सुरुवातीलाच घ्यायला हवा. कायद्यानं तो विषयच त्या न्यायालयाकडून काढून घेतलेला असेल, तर गोष्ट गंभीर. असा हुकूमनामा शून्य ठरतो, आणि दरखास्तीच्या, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीच्या, वेळीही त्यावर बोट ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयानं हे 1954 सालीच सांगितलं आहे. जिंकलेला माणूस ताबा घ्यायला जातो, तेव्हा त्याला हे कळतं.

[दृश्य : पुन्हा तोच धुरा. बैल सोडलेले, पोती ताडपत्रीखाली.]

मामलेदार न्यायालयाची मुदत सहा महिन्यांची. या धुऱ्यावर काट्या पडल्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात. कापूस वेचून घरात येईस्तोवर थांबायचं, असं या कास्तकाराच्या मनात होतं. पण अर्ज जानेवारी लागायच्या आत तहसीलमध्ये पडायला हवा.