जन्मलेली किती, हयात किती?

[दृश्य: सकाळचं ऊन. जुन्या घराची चौकट. लाकडावर खडूने लिहिलेला घरक्रमांक.]

फेब्रुवारी 2011. माझी आई तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. शाळा सुटली की दोन घास खायचे, कापडी पिशवी खांद्याला अडकवायची आणि वाडीवर निघायचं. पिशवीत जनगणनेचे अर्ज आणि त्यांच्याखाली कडक पुठ्ठा. अर्जाला घडी पडलेली चालायची नाही, कारण पुढे ते यंत्राने वाचले जाणार होते. आकडाही चौकटीत नीट बसवायचा. एकाचा सात वाचला गेला, तर कागदावर एका घरात सहा माणसं वाढायची.

त्या वीस दिवसांपुरती ती 'प्रगणक' होती. 9 ते 28 फेब्रुवारी. तिच्यासारखी सुमारे 27 लाख माणसं देशभर दारोदार फिरत होती, आणि त्यांत शाळामास्तर आणि बाईच जास्त. पुढे आपण सहज म्हणतो ना, भारताची लोकसंख्या 121 कोटी, महाराष्ट्राची 11 कोटी 23 लाख? ते आकडे असे उंबऱ्यावर बसून, पाण्याचा तांब्या शेजारी ठेवून लिहिलेले आहेत.

[दृश्य: ओसरी. म्हातारीचे हात. समोर अर्ज.]

"आजी, वय किती तुमचं?"
"लिवा की बाई, साठ."
"नक्की साठ?"
"आता काय सांगू. भात्तरच्या दुष्काळात माझा थोरला पाळण्यात हुता."

मग आई हिशोब मांडायची. दुष्काळ 1972चा. लग्न त्याच्या आधी किती वर्षं? कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही माहेरी होता की सासरी? आमच्याकडे जन्मतारीख कागदावर नसली, तरी पानशेत फुटलं ते साल, भूकंपाचं साल, किल्लारीचं साल माणसांच्या लक्षात पक्कं असतं. हे विचारलं नाही तर सगळा गाव चाळीस, पन्नास आणि साठ वर्षांचा होतो. लोकसंख्येच्या तक्त्यांत शून्य आणि पाचवर संपणाऱ्या वयांचे असे उंचवटे स्पष्ट दिसतात. अभ्यासकांना ते नंतर गणिताने सपाट करावे लागतात.

पुढचा प्रश्न बायकांना. जिवंत जन्मलेली मुलं किती? आज हयात किती?

"पाच. हयात तीन."

आई सांगते, या दोन आकड्यांच्या मध्ये ती काही बोलायची नाही. लिहायची आणि थोडा वेळ तशीच बसून राहायची. कधी समोरची बाई आपणहून सांगायची, एक गोवराने गेलं, एक आठ दिवसांचं होतं. अर्जात त्यासाठी जागा नव्हती.

पण त्या दोन आकड्यांतल्या फरकातून फार मोठी गोष्ट कळते. विल्यम ब्रास नावाच्या स्कॉटिश लोकसंख्याशास्त्रज्ञाने 1960च्या दशकात रीत बसवून दिली. निरनिराळ्या वयाच्या बायकांना एवढंच विचारायचं, झाली किती आणि राहिली किती. त्यावरून त्या भागात लहान मुलं किती प्रमाणात दगावतात, याचा बऱ्यापैकी खरा अंदाज बांधता येतो. जिथे मृत्यूची नोंदच होत नाही, तिथेही. जगातल्या कितीतरी गरीब देशांना आपल्या बालमृत्यूचा दर पहिल्यांदा कळला, तो आयांनी दिलेल्या अशा उत्तरांतून.

[दृश्य: जुन्या मुंबईचा नकाशा. बंदर, कापसाच्या गाठी.]

मोजण्याला आपल्याकडे जुना शब्द आहे, खानेसुमारी. खाने म्हणजे घरं, सुमारी म्हणजे मोजदाद. मुंबई शहराची गणती 1864 साली झाली, तेव्हा माणसं भरली 8,16,562. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, तिकडचा कापूस बंद, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव. युद्ध संपलं, भाव कोसळला. 1872च्या गणतीत मुंबईत 6,44,405 माणसं उरली. आठ वर्षांत जवळपास पावणेदोन लाख माणसं कमी. कोण कुठे गेलं, हे आकडा सांगत नाही. गेली, एवढं मात्र सांगतो.

1881पासून देशभर एकाच वेळी, दर दहा वर्षांनी गणती होऊ लागली. त्या मालिकेत एकदाच देशाची लोकसंख्या घटलेली दिसते, 1911 ते 1921 या दशकात. मध्ये 1918ची इन्फ्लुएंझाची साथ होती.

घट म्हटली की मला कोकण आठवतं. रत्नागिरी जिल्ह्यात 2001 साली 16,96,777 माणसं होती, 2011 साली 16,15,069. सिंधुदुर्गातही तेच. राज्य वाढत होतं आणि हे दोन जिल्हे रिकामे होत होते. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे 1,122 बायका. गणपतीला आणि शिमग्याला भरणारी घरं फेब्रुवारीत कशी असतात, ते या एका आकड्यात दिसतं. मुलगे आणि नवरे मुंबईला. घराला आणि कलमांना राखण आई-बायकोची.

याच कागदांनी बीडचं दुखणं उघडं केलं. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे 2001 साली 894 मुली होत्या. 2011 साली 807. गर्भातच मुली खुडल्या जात होत्या. लोक कुजबुजत होते, पण कुजबुजीवर कारवाई होत नाही. आकडा आल्यावर मात्र सोनोग्राफी केंद्रांच्या तपासण्या, गुन्हे, खटले यांना जोर आला.

[दृश्य: रेशन दुकान. पॉस यंत्रावर अंगठा टेकवणारी बाई.]

आता हा आकडा आपल्या ताटात कसा येतो, ते बघू.

2013च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे ग्रामीण भागातल्या 75 टक्के आणि शहरातल्या 50 टक्के लोकांपर्यंत स्वस्त धान्य पोहोचवायचं आहे. टक्के कशाचे? शेवटच्या प्रसिद्ध झालेल्या जनगणनेचे. म्हणजे 2011चे. त्यावरून महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे 7 कोटी लाभार्थी आले. तहसील कचेरीत याला 'इष्टांक' म्हणतात. तिथल्या खिडकीवर कितीदा तरी ऐकू येतं, "तुमचं नाव बसतंय, पण इष्टांक संपलाय." 2011नंतर जन्मलेलं पोर, सुनेचं नाव, नवीन विभक्त कुटुंब, सगळे त्या जुन्या आकड्याच्या दाराशी रांगेत उभे. मला हे फार लागतं. भूक आजची आणि मोजमाप दीड दशकापूर्वीचं.

दवाखान्याचंही तसंच. सपाटीवर पाच हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. आदिवासी आणि डोंगरी भागात तीन हजार आणि वीस हजार. ग्रामपंचायतीत अनुसूचित जाती-जमातींच्या जागा ठरतात त्या लोकसंख्येवरून. लोकसभेत महाराष्ट्राचे 48 खासदार आहेत. राज्याराज्यांतली ती वाटणी तर अजून 1971च्या गणतीवर थांबलेली आहे.

2021ची गणती कोविडमुळे पुढे गेली आणि मागे पडत राहिली. मधल्या काळात काम चाललं ते नोंदींवर आणि नमुन्यांवर. जन्म-मृत्यूची नोंद, निवडक गावांत सतत चालणारी नमुना नोंदणी, आणि देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेतून होणारं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. ही कामं चोख असतात. पण नमुन्यावरून राज्याचं, जिल्ह्याचं चित्र मिळतं, तुमच्या वाडीचं मिळत नाही. 2023च्या एप्रिलमध्ये भारताने लोकसंख्येत चीनला मागे टाकल्याची बातमी आली, तोही संयुक्त राष्ट्रांचा अंदाजच होता. कुणी दारावर जाऊन मोजलं नव्हतं.

[दृश्य: उसाचा फड. संध्याकाळ. पाचटाच्या कोप्या, चुलीचा धूर.]

आता नव्या गणतीची संदर्भवेळ, म्हणजे ज्या क्षणाची लोकसंख्या धरायची तो क्षण, ठरली आहे: 28 फेब्रुवारी संपून 1 मार्च 2027 लागतानाची मध्यरात्र. माहिती मोबाइलवर भरली जाणार, आणि 1931नंतर पहिल्यांदा सगळ्यांची जात नोंदली जाणार. काही घरांत भीती असते, खरं सांगितलं तर रेशन कापतील, नोटीस येईल. 1948च्या जनगणना कायद्याने या माहितीला कुलूप घातलेलं आहे. तुमचा अर्ज कोर्टातही पुरावा म्हणून चालत नाही.

मला काळजी वेगळीच वाटते. माणसं मोजायची ती फेब्रुवारीत, आणि फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा हंगाम. बीडच्या गावागावांत त्या दिवसांत घरांना कुलपं असतात. नवरा-बायकोची जोडी, जिला ऊसतोडीची टोळी नेणारा मुकादम 'एक कोयता' म्हणून मोजतो, आगाऊ घेतलेली उचल फेडायला कोल्हापूर, सांगली, कर्नाटकात गेलेली असते. लेकरं सोबत. 2011चा नियम असा होता की गणतीचे सगळे दिवस जो घरी नाही, त्याला तो सापडेल तिथे मोजायचं. म्हणजे गावातल्या प्रगणकाने कुलूप बघून पुढे जायचं, आणि फडाच्या हद्दीतल्या प्रगणकाने कोप्यांपर्यंत, म्हणजे तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपड्यांपर्यंत, चालत यायचं.

ती वाट पक्की नसते. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या असतात. बाया पहाटे फडात जातात आणि अंधार पडल्यावर परततात, म्हणून दुपारी गेलं तर कोपीत एखादी आठ-नऊ वर्षांची पोर धाकट्याला कडेवर घेऊन उभी दिसते. तिला वय विचारलं तर सांगता येत नाही. प्रगणकाला तिथे रात्रीच जावं लागेल, चूल पेटल्यावर, तिची आई कोपीत असताना.