रोजची पाच स्तोत्रं

(दृश्य: नागपूरचं सदर, सकाळची वर्दळ, ऑल सेंट्स कॅथेड्रलचं आवार)

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत. ख्रिस्ती घरांत त्यातली चार-दोनच तोंडपाठ असतात. तेविसावं तर लहान मुलंही धडाधडा म्हणतात: 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे'. आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की नागपूरकराला १२१वं आठवतं. दिवसा सूर्याची बाधा होणार नाही, असं वचन त्यात आहे. दुपट्टा मात्र बांधूनच निघायचं!

आवडीचं तेवढंच म्हणणं सोपं. पण संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात आपल्या मठवासीयांना सगळी स्तोत्रं आठवड्यात म्हणायला लावली. इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चच्या प्रार्थनापुस्तकाने तीच महिन्यात बसवली.

(दृश्य: स्वयंपाकघर, टेबलावर उघडं पवित्र शास्त्र)

क्रमाने म्हणायला लागलं की पंचाईत होते. घरात पेढे वाटले जात असतात आणि समोर येतं ८८वं, जे अंधारातच संपतं. मन निवांत असताना १३वं येतं: देवा, किती काळ? दोन वचनांत चार वेळा तोच सवाल. १०९व्यात तर शत्रूला शिव्याशाप. हे म्हणायचं कसं?

आजचं दुःख आपलं नसेल, पण मेडिकलच्या वॉर्डाबाहेर रात्र काढणाऱ्या कुणाचं तरी असतंच. त्याच्या वतीने म्हटलं की प्रार्थना 'मला दे'च्या पुढे सरकते. शापाचं स्तोत्र म्हणणारा सूड देवाच्या हवाली करतो; राग गिळून गोड बोलण्यापेक्षा ते अधिक खरं. येशूनेही वधस्तंभावर २२व्या स्तोत्राचीच पहिली ओळ उच्चारली: माझ्या देवा, तू मला का सोडलंस?

मराठी माणसाला देवाशी भांडणं नवं नाही. तुकोबांनी विठोबाला काय कमी सुनावलं? रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या हाती नवा करार पडला तो नागपूरहून राजनांदगावला जाताना, आगगाडीत. १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला, अभंग मात्र सोडला नाही. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत.

(दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर)

रोज पाच म्हटली की तीस दिवसांत दीडशे पूर्ण होतात. सुरुवात कुठल्याही तारखेला करता येते. तारखेला पाचाने गुणायचं, येईल त्या आकड्यावर थांबायचं. १८ तारीख असेल तर ८६ ते ९०. ११९वं १७६ वचनांचं आहे; ते ३१ तारखेसाठी राखून ठेवावं, नाहीतर तुकड्या-तुकड्याने म्हणावं.