‘कर वाढवणार नाही’ म्हणणाऱ्या ट्रस्टीला काय विचारायचं?

(सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या मराठी श्रोत्यांसमोर दिलेलं व्याख्यान, संपादित)

मंडळी, नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षापासून सुरुवात होते आणि शेवटच्या पानापर्यंत येता येता आपला हात थकतो. कम्युनिटी कॉलेजच्या, म्हणजे आपल्या भागातल्या सरकारी कॉलेजच्या, बोर्डाची निवडणूक नेमकी त्या शेवटच्या पानांवर असते. या बोर्डाच्या सदस्याला ट्रस्टी म्हणतात. नावं अनोळखी, पक्षाचं चिन्ह नाही, कारण ही निवडणूक पक्षाविना होते. मग घरी आलेल्या पत्रकात ‘मी तुमचा कर वाढवणार नाही’ एवढं वाचून आपण खूण करतो. आज मला या एका वाक्याबद्दलच बोलायचं आहे. हे वाक्य देणारा माणूस खोटारडा असेल असं मी म्हणत नाही. पण ज्या गोष्टीचं वचन तो देतो ती बरेचदा त्याच्या हातात नसते, आणि जी त्याच्या हातात असते तिच्याबद्दल त्याला कुणी विचारत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कॅलिफोर्नियात हे असं का झालं, ते 1978मध्ये जाऊन बघावं लागतं. त्या वर्षीच्या जूनमध्ये हॉवर्ड जार्विस आणि पॉल गॅन यांनी पुढे आणलेलं प्रपोझिशन 13, म्हणजे राज्यभरच्या मतदारांसमोर ठेवलेला प्रस्ताव, मंजूर झालं. प्रॉपर्टी टॅक्सचा मूळ दर असेस्ड व्हॅल्यूच्या, म्हणजे करासाठी धरलेल्या घराच्या किमतीच्या, 1 टक्क्यावर बांधला गेला, आणि घर विकलं जात नाही तोवर ती व्हॅल्यू वर्षाला जास्तीत जास्त 2 टक्के वाढणार असं ठरलं. त्याआधी कॉलेजचे जिल्हे, म्हणजे एकेका भागातली कॉलेजं चालवणाऱ्या स्थानिक संस्था, आपला दर स्वतः ठरवत. त्यानंतर तो अधिकार गेला. आज कोणत्याही कॉलेज बोर्डाचा ट्रस्टी तो 1 टक्का वाढवू शकत नाही, आणि कमीही करू शकत नाही.

एवढंच नाही. राज्यातल्या बहुतेक कॉलेज जिल्ह्यांत स्थानिक प्रॉपर्टी टॅक्स वाढला की राज्याचं अनुदान तेवढं कमी होतं. सॅन मॅटेओ किंवा वेस्ट व्हॅली–मिशन यांसारखे थोडे जिल्हे वेगळे आहेत. तिथला प्रॉपर्टी टॅक्स राज्याच्या अनुदानसूत्राने ठरणाऱ्या रकमेपेक्षा जास्त भरतो आणि वरचे पैसे त्यांच्याकडेच राहतात. विद्यार्थ्यांची फीसुद्धा बोर्ड ठरवत नाही, विधिमंडळ ठरवतं. 1984पर्यंत या कॉलेजांत कॅलिफोर्नियाच्या विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्क नव्हतं. मग युनिटला, म्हणजे अभ्यासक्रमाच्या एका क्रेडिटला, 5 डॉलर आले, आणि 2012पासून सेमिस्टर पद्धतीच्या कॉलेजांत 46 डॉलर आहेत. करावर मर्यादा आली त्याची किंमत पुढे कुणाच्या खिशातून गेली, हे त्यात थोडंफार दिसतं.

मग बोर्डाच्या हातात काय उरतं? दोन गोष्टी: बॉण्ड, म्हणजे रोखे विकून घेतलेलं आणि करातून फेडायचं कर्ज, आणि पार्सल टॅक्स, म्हणजे किमतीवर नाही तर प्रत्येक मालमत्तेमागे लागणारा ठरावीक कर. बोर्ड हे दोन्ही प्रस्ताव मतपत्रिकेवर ठेवू शकतं, मंजुरी मात्र मतदारच देतात. पार्सल टॅक्सला दोनतृतीयांश मतं लागतात. बॉण्डचा अडथळा 2000 सालच्या प्रपोझिशन 39ने खाली आणला. बोर्डाच्या दोनतृतीयांश सदस्यांनी ठराव केला आणि देखरेख समिती वगैरे अटी पाळल्या, तर 55 टक्के पुरतात. या फरकाचा परिणाम आपल्याच दारात दिसला. मार्च 2020मध्ये फुटहिल–डी आन्झा जिल्ह्याने, म्हणजे कुपर्टिनो, सनीवेल, माउंटन व्ह्यू, पालो आल्टोच्या जिल्ह्याने, दोन्ही प्रस्ताव एकाच वेळी ठेवले. 89 कोटी 80 लाख डॉलरच्या बॉण्डचा मेजर जी (स्थानिक प्रस्तावाला मेजर म्हणतात) मंजूर झाला. वर्षाला 48 डॉलरच्या पार्सल टॅक्सचा मेजर एच दोनतृतीयांशापर्यंत पोहोचला नाही. बॉण्डचे पैसे इमारती आणि उपकरणांसाठी असतात. प्रपोझिशन 39च्या बॉण्डमधून शिक्षकांचे किंवा प्रशासकांचे पगार देता येत नाहीत. पार्सल टॅक्समधून वर्ग चालवता येतात. म्हणजे भिंतींना पैसा मिळाला, शिकवण्याला नाही. असंच व्हावं असं मतदारांनी ठरवलं होतं का? मला तसं वाटत नाही. नियमांची रचनाच तशी आहे.

आता ज्या वचनाला मी सगळ्यात जास्त वेळ देणार आहे ते ऐका: ‘कराचा दर न वाढवता नवा बॉण्ड’. ऐकायला छान वाटतं, आणि अक्षरशः खरंही असतं. पण त्यामागची रीत समजून घेऊ. बॉण्डचा कर त्या 1 टक्क्याच्या बाहेर असतो. त्या वर्षी किती रक्कम फेडायची आहे यावरून काउंटी त्याचा दर लावते. जुने बॉण्ड फिटत आले, किंवा जिल्ह्यातल्या घरांची एकूण असेस्ड व्हॅल्यू वाढली, की हा दर आपोआप उतरायला हवा. घराचं कर्ज फिटल्यावर हप्ता थांबतो तसंच हे आहे. उतरणाऱ्या दराच्या जागी नवा बॉण्ड बसवला की दर होता तिथेच राहतो. म्हणजे वाढ झाली नाही हे खरं, पण जी घट तुमच्या वाट्याला येणार होती ती गेली. नवा बॉण्ड चांगल्या कामासाठी असू शकतो, त्याला मत द्यावं असंही मी अनेकदा म्हणेन. फक्त ‘फुकट’ या भावनेने मत देऊ नये.

या वचनाला चिकटून राहिल्यामुळे काय होऊ शकतं याचं उदाहरण सॅन डिएगोजवळच्या पोवेचं आहे. ते शाळांचं बोर्ड होतं, पण कॉलेजांनाही तोच कायदा लागू होतो. 2008मध्ये मतदारांना सांगितलं गेलं की दर वाढणार नाही. पुढे पैसे कमी पडले, आणि दर तर वाढवायचा नव्हता. म्हणून 2011मध्ये त्यांनी असे बॉण्ड विकले ज्यांवर पहिली वीस वर्षं मुद्दलही नाही आणि व्याजही नाही. घेतले साधारण 10 कोटी 50 लाख डॉलर. परतफेड 98 कोटींच्या आसपास. त्या वर्षीच्या मतदारांना दिलेला शब्द पाळला गेला आणि बिल बालवाडीतल्या मुलांच्या नावावर गेलं. यानंतर 2013मध्ये राज्याने कायदा केला: परतफेड मुद्दलाच्या चौपटीपेक्षा जास्त नको, आणि असे बॉण्ड 25 वर्षांपेक्षा लांबवायचे नाहीत. शाळा आणि कम्युनिटी कॉलेज, दोघांनाही. तरीसुद्धा चौपट ही मर्यादा मला फार सैल वाटते.

आणखी एक गोष्ट, जी आपल्यातल्या अनेकांना थेट लागते. बॉण्डचा कर असेस्ड व्हॅल्यूवर लागतो. समजा दर एक लाखाला 20 डॉलर आहे. प्रपोझिशन 39 कॉलेज जिल्ह्याला प्रत्येक प्रस्तावामागे 25पर्यंत मुभा देतं. शेजाऱ्याने घर तीस वर्षांपूर्वी घेतलं, त्याची असेस्ड व्हॅल्यू पाच लाख, तो वर्षाला 100 डॉलर देतो. तुम्ही तसंच घर परवा पंचवीस लाखांना घेतलं, तुम्ही 500 देता. पार्सल टॅक्समध्ये दोघंही तेवढेच देता, पण मग मोठ्या ऑफिसच्या इमारतीलाही बहुधा तेवढाच लागतो. न्याय कशात आहे यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतात. माझं मत असं की उमेदवाराने यातलं आपण काय निवडू आणि का, हे उघड सांगितलं पाहिजे.

म्हणून दारात आलेल्या उमेदवाराला ‘कर वाढवणार का’ हे विचारू नका. मंजूर झालेल्या बॉण्डपैकी किती अजून विकायचे आहेत आणि ते कधी विकणार, ते विचारा. परतफेडीचं वेळापत्रक किती वर्षांचं, एकूण परतफेड मुद्दलाच्या किती पट, हे विचारा. बॉण्डच्या प्रचाराला पैसे कुणी दिले तेही विचारा. जिल्ह्याला स्वतःचे सरकारी पैसे प्रचारावर खर्च करता येत नाहीत, त्यामुळे ते बाहेरून येतात, आणि त्यात पुढे कामं मिळणारे कंत्राटदार असू शकतात. देणगीदारांची यादी जाहीर असते. मतपत्रिकेवर प्रस्तावाला 75 शब्द मिळतात. त्यात रक्कम, दर आणि मुदत सांगणं आता बंधनकारक आहे. तेवढे तरी शब्द सावकाश वाचा.

इथे बसलेल्यांपैकी कित्येकांचं ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे. घर आहे, टॅक्स भरता, मत नाही. तुमच्याकडेही एक जागा आहे. ब्राऊन कायद्यामुळे, म्हणजे स्थानिक संस्थांच्या बैठका खुल्या ठेवायला लावणाऱ्या राज्याच्या कायद्यामुळे, बोर्डाच्या नियमित बैठकीची विषयपत्रिका किमान 72 तास आधी लावावी लागते, आणि बैठकीत कुणालाही बोलता येतं. नागरिकत्व विचारत नाहीत. त्या पत्रिकेवर बॉण्डविक्रीचा ठराव दिसला की त्या संध्याकाळी जा. मतदान होऊन गेल्यानंतर कर्जाच्या अटी ठरतात त्या तिथेच, आणि बरेचदा समोरच्या खुर्च्या रिकाम्या असतात.