शोधलं म्हणजे धरलं नव्हे: कर्नलमधला यूज-आफ्टर-फ्री आणि स्टॅकरॉट

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत आलाय: लिनक्स कर्नलमध्ये पावलोपावली लॉक आहेत, मग यूज-आफ्टर-फ्री होतोच कसा? प्रश्न रास्त आहे. उत्तर एका अरुंद फटीत आहे, आणि आज त्या फटीबद्दलच बोलायचंय.

मूळ गोष्ट भरभर सांगतो. मेमरी घेतली, वापरली, केफ्री केली, म्हणजे कर्नलला परत दिली, आणि मग जुन्याच पॉइंटरने, म्हणजे जपून ठेवलेल्या पत्त्याने, तिथे पुन्हा हात घातला, की झाला यूज-आफ्टर-फ्री. वाचणारा एका सीपीयूवर आणि सोडणारा दुसऱ्यावर असेल, तर तो कधी घडतो, कधी नाही. म्हणून याला रेस म्हणतात. एवढं बहुतेकांना माहीत आहे, पुढे जाऊ.

पण आधी एक कमेंट, कारण ती दर वेळी येते: 'केफ्रीनंतर पॉइंटर नल करा, प्रश्न मिटला.' नाही मिटत. नल होते ती फक्त तुमच्या हातातली प्रत. दुसऱ्या सीपीयूने तोच पत्ता आधीच रजिस्टरमध्ये उचललेला असतो, त्याला तुमच्या नलचा पत्ताही लागत नाही. तसंच, ऑब्जेक्टच्या पोटातलं स्पिनलॉक त्या ऑब्जेक्टचा जीव वाचवू शकत नाही. लॉक घ्यायलाच मेमरी शाबूत असावी लागते.

आता ती फट. पॉइंटर शोधणं आणि ऑब्जेक्ट धरून ठेवणं, ही दोन वेगळी कामं आहेत. त्यांच्यामध्ये सगळं बिघडतं.

[स्क्रीनवर: दोन सीपीयू, शेजारी शेजारी दोन रकाने]

सीपीयू शून्यने यादीतून पॉइंटर मिळवला. रेफकाउंट, म्हणजे ऑब्जेक्ट किती जणांनी धरलंय त्याची मोजणी, अजून वाढवलेला नाही. तेवढ्यात सीपीयू एकने ऑब्जेक्ट यादीतून काढलं, काउंट एकवरून शून्यावर आणला आणि केफ्री केली. आता सीपीयू शून्य काउंट वाढवतो. कुणाचा? ती जागा एव्हाना भलत्याच कुणाला दिलेली असू शकते. रेफकाउंट होता, तो नीट मोजलाही जात होता, तरी घात झाला, कारण वाढवायला उशीर झाला.

दुसऱ्या बाजूने बघू. 'मग रेफकाउंट इंक नॉट झीरो वापरा, काउंट शून्य असेल तर ते नकार देतं.' बरोबर, वापराच. पण शून्य आहे का हे बघायलाही ते त्याच मेमरीत डोकावतं. मेमरी गेली असेल तर ती तपासणीच यूज-आफ्टर-फ्री ठरते. म्हणून शोधण्यापासून धरेपर्यंतचा सगळा तुकडा आरसीयू रीड लॉकच्या आत हवा. आरसीयू म्हणजे वाचकांना न अडवता, ते बाहेर पडेपर्यंत मेमरी सोडणं लांबवणारी कर्नलची यंत्रणा. सोडणाऱ्याने आधी लिस्ट डेल आरसीयूने यादीतून काढायचं, मग आपला काउंट सोडायचा, आणि ज्याच्या हातून काउंट शून्य होईल त्याने साधी केफ्री नाही, केफ्री आरसीयू करायची. म्हणजे आधीपासून आत असलेले सगळे वाचक बाहेर पडेपर्यंत मेमरी जात नाही. आणि वाचकाने आरसीयू रीड अनलॉकनंतर तो पॉइंटर वापरायचा असेल, तर काउंट त्याआधीच हातात हवा. अनलॉक करून 'आता काउंट वाढवतो' असा कोड दिसला, की थांबा. फट परत उघडली.

तिसरी बाजू सगळ्यांत फसवी आहे. काही स्लॅब कॅशला, म्हणजे एकाच प्रकारच्या ऑब्जेक्टसाठी राखलेल्या मेमरीच्या साठ्यांना, टाइपसेफ बाय आरसीयू हा फ्लॅग असतो. नाव वाचून वाटतं, ऑब्जेक्ट ग्रेस पीरियड संपेपर्यंत, म्हणजे आधीचे वाचक बाहेर पडेपर्यंत, टिकेल. तसं नाही. वाडा पाडला जात नाही, एवढीच हमी. खोलीतला भाडेकरू मधल्या मधे बदलू शकतो. मेमरी त्याच प्रकारच्या ऑब्जेक्टची राहते, पण ऑब्जेक्ट दुसरंच असू शकतं, आणि त्याचा काउंट शून्य नसल्यामुळे इंक नॉट झीरो खुशाल यशस्वी होतं. म्हणून आत शिरल्यावर दारावरची पाटी वाचायची: धरा, मग ओळख तपासा, जुळली नाही तर सोडून द्या. लिनक्स ६.१५ पासून व्हीएमएची कॅश अशीच आहे. व्हीएमए म्हणजे प्रोसेसच्या पत्त्यांमधल्या एका सलग पट्ट्याची नोंद. पेज फॉल्टमध्ये, म्हणजे पत्त्यामागे अजून मेमरी जोडलेली नसताना कर्नलला मधे यावं लागतं तेव्हा, व्हीएमए धरल्यावर तो आपल्याच एमएमचा (प्रोसेसच्या सगळ्या मेमरीच्या नोंदीचा) आहे ना आणि फॉल्टचा पत्ता अजून त्याच्या हद्दीत आहे ना, हे पाहतात. नसेल तर सोडून एमएमॅप लॉकच्या, म्हणजे त्या एमएमच्या सगळ्या व्हीएमएंवरच्या एकाच लॉकच्या, जुन्या वाटेने जातात. तपासून मग धरलं, तर तपासणीला अर्थ उरत नाही.

आता खरी केस: स्टॅकरॉट नावाची कर्नलमधली सुरक्षा-त्रुटी, जाहीर त्रुटींच्या यादीत सीव्हीई-२०२३-३२६९. बऱ्याच जणांनी हीच मागितली होती.

लिनक्स ६.१ मध्ये व्हीएमए ठेवायला रेड-ब्लॅक ट्रीऐवजी मेपल ट्री आलं. तेव्हा स्टॅक खाली वाढवायचं काम एमएमॅप लॉक फक्त रीड मोडमध्ये धरून होत असे. जुन्या रचनेत ते खपून जायचं, कारण व्हीएमएची सुरुवात जागच्या जागी बदलायची, झाडातले नोड हलत नसत. मेपल ट्रीमध्ये पत्त्यांच्या हद्दी नोडमध्येच लिहिलेल्या असतात. हद्द बदलताना कधी कधी नवा नोड लावून जुना आरसीयूकडे सोपवावा लागतो. आता वाचकांकडे बघा. त्यांच्याकडे एमएमॅप रीड लॉक आहे, पण आरसीयू रीड लॉक नाही. आरसीयूच्या लेखी तिथे कुणी वाचकच नाही! ग्रेस पीरियड संपतो, नोड मोकळा होतो, आणि वाचक अजून त्याच नोडवर उभा असतो. लॉक दोन्हीकडे होतं. वाचक एका लॉकच्या भरवशावर होता आणि मेमरी दुसऱ्याच्या हिशेबाने सुटत होती. तुमच्या कोडमध्ये हाच प्रश्न आधी विचारा: वाचणारा ज्याच्या भरवशावर आहे, सोडणारा त्याचीच वाट बघतोय का?

दुरुस्ती लिनस टोरवाल्ड्स यांनी केली, आणि ती जुलै २०२३ च्या सुरुवातीला ६.१.३७, ६.३.११ आणि ६.४.१ मध्ये आली. स्टॅक वाढवायचा तर आता राइट लॉक लागतं. त्यातला माझ्या मते सर्वांत शिकण्यासारखा भाग असा: रीड लॉक सोडून राइट लॉक घेतलं, की फाइंड व्हीएमए पुन्हा चालवतात. मधल्या क्षणात दुसऱ्या थ्रेडने तो व्हीएमए काढलेला असू शकतो, किंवा स्टॅक आधीच वाढवलेला असू शकतो. लॉक सोडलं की आधी शोधलेलं सगळं शिळं. मग राइट लॉक रीडमध्ये उतरवून पुढचं काम.

तपासायचं कसं, हेही बऱ्याच जणांनी विचारलंय. केएसॅन (चुकीचा मेमरी-वापर पकडणारं साधन) आणि केसीसॅन (रेस पकडणारं साधन) एकाच बिल्डमध्ये चालत नाहीत, दोन वेगळी कर्नल बांधा. दोन्हीकडे प्रूव्ह लॉकिंग, म्हणजे लॉकचा चुकीचा वापर तपासणारा पर्याय, चालू ठेवा, त्यासोबत प्रूव्ह आरसीयूही चालू होतं. केएसॅन सुटलेली मेमरी काही काळ क्वारंटाइनमध्ये ठेवतं, म्हणून जुना पॉइंटर सापडण्याची शक्यता वाढते. पण टाइपसेफ बाय आरसीयूच्या कॅशमध्ये त्याला एरवी फारसं दिसत नाही. तिथे स्लब आरसीयू डीबग लावा. रेस जुळतच नसेल, तर शोधणं आणि धरणं यांच्यामध्ये चाचणीपुरता दोन मिलिसेकंदांचा एमडिले, म्हणजे न झोपता थांबणं, टाका. एमस्लीप नको, आरसीयू रीड लॉकच्या आत झोपायचं नसतं. मग एका थ्रेडमधून एमएमॅप-एमअनमॅप आणि दुसऱ्यातून पेज फॉल्ट, असं रात्रभर चालू द्या. सकाळी डीमेसेगमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, 'अ‍ॅडिशन ऑन झीरो' दिसलं, तर कुणीतरी मेलेल्या ऑब्जेक्टचा काउंट साध्या रेफकाउंट इंकने वाढवलाय. त्याखालच्या स्टॅक ट्रेसपासून सुरुवात करा.