नऊ नोंदी आणि एक पोलीस

(एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. निमंत्रणपत्रिकेवर विषय ‘पोलिसांचं उत्तरदायित्व’ असा छापला आहे. शब्द जड आहे. पोलीस चुकला तर त्याला जाब कोण विचारणार, एवढाच आजचा विषय. आणि चूक म्हणजे ठाण्यात केलेली तेवढीच की घरी केलेलीही, हा त्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग.

मी वकील आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई आल्या. नवरा पोलीस खात्यात. मार बसलेला दिसत होता, पण त्याबद्दल त्या आधी काहीच बोलल्या नाहीत. पर्समधून एक प्लॅस्टिकची पिशवी काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. आत सहा अर्जांच्या पोच होत्या, प्रत्येकीवर शिक्का आणि तारीख. एका अर्जाला उत्तरही आलं होतं: ‘सदर प्रकरण कौटुंबिक स्वरूपाचे असल्याने उभयतांस समज देऊन अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे.’ ज्याच्याविरुद्ध तक्रार होती, तोच त्या ठाण्यात काम करणाऱ्यांचा बॅचमेट. समज द्यायला बोलावलं त्या दिवशी दोघांना समोरासमोर बसवून चहा पाजला आणि घरी पाठवलं. ‘दप्तरी दाखल’ म्हणजे पुढे काही न करता फाइल बंद. घरी गेल्यावर काय झालं असेल, ते मी सांगायला नको.

पुढे कागद गोळा करताना कळलं की याच माणसाविरुद्ध कोठडीत मारहाण केल्याच्या दोन तक्रारी आधीच होत्या. त्या दुसऱ्या शाखेत, दुसऱ्या फाइलमध्ये. बायकोचे अर्ज ‘कौटुंबिक’ म्हणून एकीकडे आणि आरोपींचे अर्ज ‘कामकाजासंबंधी’ म्हणून दुसरीकडे. दोन्ही फाइली एका टेबलावर ठेवून वाचणारं कोणी नव्हतं. मारणारा हात मात्र एकच होता.

हे एका ठाण्यापुरतं नाही, हे मला फार उशिरा उमगलं. लंडनचं पोलीस दल जगातल्या जुन्या आणि नावाजलेल्या दलांपैकी. तिथे डेव्हिड कॅरिक नावाचा पोलीस होता. 2001 मध्ये भरती झाला, 2009 मध्ये संसद आणि दूतावासांच्या संरक्षणासाठी असलेल्या सशस्त्र तुकडीत गेला. जानेवारी 2023 पर्यंत त्यानं 49 आरोपांखाली गुन्हे कबूल केले. त्यांत बलात्कारांची संख्या मोठी होती आणि ते सगळे 2003 ते 2020 या काळातले होते. खात्यानं नोंदी उलगडल्या तेव्हा दिसलं, की सन 2000 पासून त्याचं नाव नऊ वेळा पोलिसांसमोर आलं होतं. पहिली नोंद तर तो भरती होण्याच्या आधीची, जवळच्या बाईनं केलेल्या तक्रारीची. एकदाही आरोपपत्र झालं नाही. 2017 मध्ये त्याच्या पार्श्वभूमीची पडताळणी पुन्हा झाली, तीतूनही तो पार पडला. नऊ नोंदी वेगवेगळ्या वर्षांतल्या, काही वेगवेगळ्या दलांकडच्या. सुटी सुटी पाहिली की प्रत्येक नोंद ‘खासगी भांडण’ वाटते. नऊही एका कागदावर उतरवल्या असत्या, तर त्या माणसाच्या हातात बंदूक राहू देण्याआधी कोणीतरी थबकलं असतं.

त्याच तुकडीतला वेन कझेन्स. मार्च 2021 मध्ये त्यानं ओळखपत्र आणि बेड्या वापरून, अटकेचं सोंग करून एका तरुणीला रस्त्यावरून नेलं, तिच्यावर बलात्कार केला आणि तिला मारलं. त्याच्याबद्दल अश्लील वर्तनाची तक्रार 2015 मध्येच आली होती. खुनाच्या थोडे दिवस आधी, फेब्रुवारीत, तसंच वर्तन पुन्हा कळवलं गेलं होतं. ड्यूटीवर नसताना केलेला ‘किरकोळ’ गुन्हा म्हणून या गोष्टींकडे पाहिलं गेलं.

यानंतर बाहेरून नेमलेल्या परीक्षक लुईस केसी यांनी त्या दलाची झाडाझडती घेतली. त्यांच्या अहवालातला एक आकडा मी विसरू शकत नाही. 2013 पासून एकापेक्षा जास्त वेळा गैरवर्तनाचे आरोप झालेले 1,809 जण त्या दलात होते. त्यांपैकी बडतर्फ झाले 13. दुसरा, तिसरा, चौथा आरोप आला तरी प्रत्येक वेळी पाटी कोरी धरून चौकशी सुरू होत असे.

आता कोणी म्हणेल, पोलिसालाही खासगी आयुष्य असतं. असतंच. तो काय वाचतो, कोणावर प्रेम करतो, कोणाला मत देतो, यात खात्यानं नाक खुपसू नये. पण आपल्याकडच्या नागरी सेवा वर्तणूक नियमांकडे पाहा. पहिली बायको हयात असताना दुसरं लग्न करायचं नाही, हुंडा घ्यायचा नाही, सार्वजनिक जागी दारूच्या अमलाखाली वावरायचं नाही, कर्जबाजारी व्हायचं नाही, हे सगळं त्यांत लिहिलेलं आहे. म्हणजे नोकरी आणि घर यांच्यामध्ये आपण म्हणतो तशी भिंत सरकारनं कधी बांधलीच नव्हती. ती भिंत तक्रार आल्यावर, तक्रार नको असते म्हणून, बांधली जाते. आणि मारहाण हा काही आवडीनिवडीचा प्रश्न नाही. ज्याच्या हाती लोकांना पकडायचा, डांबायचा, त्यांच्यावर बळ वापरायचा अधिकार आहे, तो घरात दुबळ्या माणसाशी कसा वागतो, हे त्याच्या कामाबद्दलचंच ज्ञान आहे.

मग चौकशी का होत नाही? सगळे पोलीस वाईट असतात म्हणून? नाही. मी अतिशय सज्जन पोलीस पाहिले आहेत आणि त्यांतले बहुतेक गप्प बसलेले पाहिले आहेत. न्यूयॉर्कमध्ये 1970 साली पोलिसांतल्या भ्रष्टाचाराची चौकशी करायला नॅप आयोग बसला. फ्रँक सर्पिको हा पोलीस आतून बोलला म्हणून हे घडू शकलं. आयोगानं 1972 च्या अहवालात लाचखोरांचे दोन प्रकार सांगितले: मांस खाणारे आणि गवत खाणारे. पहिले शिकारीला निघतात. दुसरे समोर आलेलं तेवढं खिशात टाकतात. आयोगाचं म्हणणं असं, की खरी अडचण गवत खाणाऱ्यांची आहे, कारण ते संख्येनं जास्त असतात आणि त्यांच्यामुळे खाणं हीच रीत होऊन बसते. आढीत एक आंबा नासका निघाला, तो काढून टाकला, झालं, ही समजूत त्या आयोगानं साफ नाकारली.

आपल्याकडे याला म्हण आहे: आपलेच दात आणि आपलेच ओठ. खातेनिहाय चौकशीत हेच होतं. चौकशी अधिकारी त्याच खात्यातला, खात्याची बाजू मांडणारा सादरकर्ता त्याच खात्यातला, साक्षीदार हाताखालचे. वर्तमानपत्रात ओरड झाली की नियंत्रण कक्षात बदली, जी शिक्षा नाहीच. फारच झालं तर निलंबन, जी कायद्यानं शिक्षा नाही, चौकशीपुरती तजवीज आहे. लोकांना वाटतं निलंबन झालं म्हणजे न्याय झाला. सहा महिन्यांनी तोच माणूस शेजारच्या ठाण्यात दिसतो. आणि खरोखर शिक्षा होते तेव्हा ती बहुधा सर्वांत खालच्या शिपायाला. तोंडी हुकूम देणारा साहेब कागदावर कुठेच नसतो.

कोठडीच्या आत काय घडलं याचे साक्षीदार फक्त पोलीसच असतात. उत्तर प्रदेशातल्या फतेहपूर जिल्ह्यात 1969 मध्ये एका शेतकऱ्यानं पोलिसानं लाच मागितल्याची तक्रार वरिष्ठांकडे केली. थोड्याच दिवसांत त्याला ठाण्यात नेलं आणि तो मारहाणीनं मेला. खटला सर्वोच्च न्यायालयात पोचून निकाल लागायला 1985 उजाडलं. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी तेव्हा लिहिलं, की पोलीस आपल्या माणसाविरुद्ध बोलत नाहीत, म्हणून पुराव्याचा कायदाच बदलायचा विचार सरकारनं करावा. त्याच वर्षी, सरकारला कायद्यांत बदल सुचवणाऱ्या विधी आयोगानं 113 व्या अहवालात कलमाचा मसुदाही दिला: कोठडीत असताना माणसाला इजा झाली, तर ती त्या पोलिसानं केली असं न्यायालयाला गृहीत धरता यावं. हे कलम आजतागायत झालेलं नाही. 2024 मध्ये पुराव्याचा कायदा पूर्ण नव्यानं लागू झाला, त्यातही ते नाही. एखाद्या शिफारशीला चाळीस वर्षं दप्तरी दाखल ठेवता येतं.

पण एक बदल झाला, आणि तो आपल्या मातीतून झाला, म्हणून तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 26 मार्च 1972. देसाईगंज पोलीस ठाणं, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, आताचा गडचिरोली. एका आदिवासी मुलीला रात्री ठाण्यात थांबवून घेतलं आणि तिच्यावर अत्याचार झाला. सत्र न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठानं दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, म्हणजे तिची संमती असणार, अशा तर्कानं. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं. त्यातून देशभर बायका रस्त्यावर आल्या. 1983 मध्ये कायदा बदलला. पोलिसाच्या ताब्यात असलेल्या स्त्रीवरचा बलात्कार हा वेगळा, जास्त शिक्षेचा गुन्हा झाला. आणि संबंध आल्याचं सिद्ध झालं व तिनं ‘माझी संमती नव्हती’ असं सांगितलं, तर न्यायालयानं ते खरं धरून चालायचं असं ठरलं. ज्या मुलीमुळे हे झालं, तिच्या पदरात स्वतःसाठी काहीही पडलं नाही.

या सगळ्यातून मी एक धडा घेते: चौकशी बाहेरच्या माणसानं केली पाहिजे. उत्तर आयर्लंडमध्ये, जिथे पोलिसांवरचा अविश्वास रक्तानं माखलेला होता, तिथे नोव्हेंबर 2000 पासून पोलीस लोकपालाचं कार्यालय चालू आहे. त्यांचे स्वतःचे तपासी आहेत. तक्रार पोलिसांकडे परत ‘चौकशीसाठी’ पाठवायची गरजच पडत नाही. आपल्याकडे प्रकाश सिंह या निवृत्त पोलीस महासंचालकांच्या याचिकेवर 22 सप्टेंबर 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सात आदेश दिले. त्यांतला एक पोलीस तक्रार प्राधिकरणाचा. महाराष्ट्रानं 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून ते आणलं. कोठडीतला मृत्यू, गंभीर इजा, बलात्कार, बेकायदा अटक, लाच, खंडणी, घर किंवा जमीन बळकावणं, अशा बाबी त्याच्या कक्षेत येतात. यादी चांगली आहे. पण बायकोला घरी केलेली मारहाण तीत नावानं नाही, आणि माझं गाऱ्हाणं तेच आहे.

एक गैरसमज दूर करते, कारण त्यामुळे माणसं हातपाय गाळतात. फौजदारी खटल्यात आरोपी सुटला म्हणजे खातेनिहाय चौकशी संपत नाही. खटल्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. चौकशीत गैरवर्तन घडलं असण्याची शक्यता जास्त दिसली तरी पुरतं. दोन्ही वाटा वेगळ्या आहेत. दुसरं: गुन्हा नोंदवायला नकार देणं हाही काही बाबतींत गुन्हा आहे. लैंगिक अत्याचाराची खबर नोंदवली नाही, तर 2013 पासून त्या अधिकाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी होऊ शकते. तिसरं: सरकारी नोकरावरच्या खटल्यासाठी सरकारची मंजुरी लागते तिथे ती वर्षानुवर्षं अडकवून ठेवायची सोय होती. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 218 प्रमाणे 120 दिवसांत निर्णय झाला नाही, तर मंजुरी मिळाली असं धरलं जातं. ही तारीख वकिलानं वहीत लिहून ठेवावी.

मागच्या रांगेतून प्रश्न आलाय: खोट्या तक्रारींचं काय? प्रश्न विचारणारे स्वतः पोलीस आहेत असं दिसतंय, बरं झालं विचारलंत. खोट्या तक्रारी होतात. एका हवालदाराचं वकीलपत्र मीच घेतलं होतं. लाचेचा आरोप, तोही ज्याला त्यांनी पकडलं होतं त्याच माणसाचा. चौकशी इतकी रखडली, की बढती गेली, मुलीचं लग्न ठरताना लोकांनी तोंड फिरवलं. निर्दोष असल्याचा आदेश हातात पडला तेव्हा निवृत्तीला चार महिने उरले होते. म्हणून मी नुसता तक्रारींचा आकडा मोजा असं म्हणत नाही. नऊ तक्रारी असतील, तर त्या एकमेकांना न ओळखणाऱ्या नऊ माणसांच्या आहेत का, त्यांत पद्धत सारखी आहे का, हे वाचा. सर्वोच्च न्यायालयानं 2020 च्या डिसेंबरमध्ये प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावून चित्रण 18 महिने जपायला सांगितलं. ते नीट जपलं, तर तुमच्यासारख्या माणसाला सर्वांत आधी उपयोगी पडेल. आणि चौकशीला मुदत घाला. रखडलेली चौकशी दोषी माणसाला निवृत्तीपर्यंत पोचवते, आणि निवृत्तीनंतर चार वर्षांपेक्षा जुन्या घटनेची नवी चौकशी सुरूही करता येत नाही. निर्दोष माणसाचं त्यात आयुष्य जातं.

त्या बाईंच्या प्रकरणाचं विचारताय? अखेर दोन्ही फाइली एकाच अधिकाऱ्यांकडे गेल्या. त्यासाठी आम्हाला वेगळा अर्ज करावा लागला, त्याचीही पोच घेतली. चौकशी चालू आहे. अधिकाऱ्यांनी त्या सहा पोच मूळ स्वरूपात मागितल्या होत्या. आम्ही झेरॉक्स दिल्या. मूळ अजून त्या प्लॅस्टिकच्या पिशवीतच आहेत, माझ्या कपाटात.