पठारावरच्या सरड्याला नाव मिळतं तेव्हा

(दृश्य: मे महिन्यातली सकाळ. चाळकेवाडीचं पठार. कातळ, वाळलेलं गवत, मागे पवनचक्क्यांची रांग.)

साताऱ्याहून सज्जनगडाच्या बाजूने ठोसेघरकडे जाणारा रस्ता पुढे चाळकेवाडीच्या पठारावर चढतो. मे महिन्यात इथे हिरवं फारसं काही उरलेलं नसतं. तांबडा-काळा जांभा, पिवळं पडलेलं गवत आणि दिवसभर न थांबणारा वारा. फुलं बघायला येणारी माणसं अजून तीन-चार महिन्यांनी येतील. पण या पठारावरचा सगळ्यात देखणा प्रकार आत्ता, पावसाच्या तोंडावर चाललेला असतो.

(दृश्य: दगडावर चढलेला नर. जवळून गळा.)

सरड्याचा हा नर आजूबाजूचा त्यातल्या त्यात उंच दगड निवडतो. चढतो, मान वर करतो आणि गळ्याखालची कातडी उघडतो. निळा, काळा आणि केशरी. दोन-तीनदा उघडमीट झाली की खाली उतरून पुढचा दगड गाठतो. घाईत असला तर मागच्या दोन पायांवर उभा राहून धावतो. समोर दुसरा नर असेल तर हा त्याला इशारा, आणि जवळपास मादी असेल तर तिला बोलावणं. मादी अगदी मातीच्या रंगाची. ती हलली नाही तर आमच्या कॅमेऱ्यालाही सापडत नाही.

शास्त्रातलं याचं नाव 'सराडा सुपर्बा'. नाव २०१६ सालचं आहे. सरडा अर्थातच त्याहून फार जुना.

इथे गुरं घेऊन आलेल्या एका आजोबांना आम्ही विचारलं, "आबा, ह्यो सरडा ठावा हाय का?" ते म्हणाले, "लहानपणापासनं बघतोय. उन्हाळ्यात असा रंगतो. पाऊस लागला की रंग जातो." एवढ्या दोन वाक्यांत त्यांनी या सरड्याचा विणीचा हंगाम सांगून टाकला. ज्याला आपण 'नवी जात' म्हणतो, ती पठारावर राहणाऱ्यांसाठी कधीच नवी नसते. मग तिच्यात नवीन काय असतं? ते समजून घ्यायचं तर पठार सोडून जुन्या कागदांकडे जावं लागतं.

(दृश्य: जुन्या ग्रंथाची पानं, सरड्यांची रेखाचित्रं.)

१८२९ साली फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी पाँडिचेरीकडच्या एका छोट्या सरड्याला 'सिताना पाँटिसेरियाना' हे नाव दिलं. गळ्याला पंखा आणि मागच्या पायाला पाचऐवजी चारच बोटं, ही त्याची ठळक खूण. पुढे १८७० मध्ये ब्रिटिश निसर्गअभ्यासक जर्डन यांनी दख्खनमधल्या एका मोठ्या सरड्याला 'डेक्कनेन्सिस' म्हटलं, पण ते नाव बाजूला पडलं. भारतात कुठेही गळ्याला पंखा आणि मागे चार बोटं दिसली की लिहायचं 'सिताना पाँटिसेरियाना', अशी रीतच पडून गेली. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचा तोच, विदर्भाच्या माळावरचा तोच, आणि चाळकेवाडीचाही तोच.

एक नाव इतक्या दूरवर पसरलं की त्याच्याखाली काय काय दडलंय हे कोणी विचारत नाही. सरड्यांच्या बाबतीत मला ही सगळ्यात मोठी अडचण वाटते. अनोळखी प्राणी दिसला तर माणूस थांबतो, निरखून पाहतो. ओळखीचा वाटला की पुढे निघून जातो.

व्ही. दीपक, वरद गिरी, आमोद झांबरे, हर्षल भोसले, प्रवीण कारंथ हे अभ्यासक आणि त्यांचे सहकारी या ओळखीच्या सरड्यापाशी थांबले. द्वीपकल्पातल्या वेगवेगळ्या भागांतले सरडे त्यांनी एकमेकांशेजारी ठेवून पाहिले. शरीराची ठेवण पाहिली, जनुकंही तपासली. २०१६ मध्ये त्यांचा निबंध आला तेव्हा त्यात पाच नव्या जाती होत्या. शिवाय मोठ्या अंगाच्या, मोठ्या पंख्याच्या सरड्यांसाठी एक अख्खा नवा गट, ज्याला शास्त्रात जीनस म्हणतात. या गटाला त्यांनी आपलाच शब्द दिला, सरडा. जर्डन यांचं दीडशे वर्षांपूर्वीचं नावही याच गटात पुन्हा उभं राहिलं.

(दृश्य: रात्र. कास पठाराकडेच्या खडकांवर विजेरीचा प्रकाश.)

साताऱ्याच्या डोंगरांवर हे असं एकदाच घडलेलं नाही. २००८ मध्ये वरद गिरी आणि आरन बाउअर यांनी जमिनीवर राहणाऱ्या एका पालीचं वर्णन केलं. तिच्या नावातच जिल्हा आहे, 'हेमिडॅक्टायलस साताराएन्सिस'. भिंतीवरच्या पालीची ही नातलग, पण भिंतीशी हिचं काही देणंघेणं नाही. पठारावरच्या सुट्या दगडांखाली राहते. २०१४ मध्ये कास पठारावरून 'निमास्पिस गिरीआय' आली. गोल बाहुलीची, दिवसा हिंडणारी ही छोटी पाल, आणि तिला वरद गिरींचंच नाव मिळालं. २०१९ मध्ये कोयनेच्या जंगलातून 'निमास्पिस कोयनाएन्सिस'. एकाच जिल्ह्यात, बारा वर्षांच्या आत.

इतक्या जाती इथेच का? उत्तर डोंगरांच्या आकारात आहे. ही पठारं लाव्हाच्या थरांवर, हजार मीटरच्या वर उभी आहेत, आणि त्यांच्या मधे कोयना, उरमोडी यांसारख्या नद्यांनी खोल दऱ्या कापल्या आहेत. गरुडाला दरी म्हणजे काहीच नाही. पण कपारीच्या गारव्यात जगणाऱ्या, बोटभर लांबीच्या पालीला ती ओलांडता येत नाही. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असं आपण म्हणतो. इथे कुंपणाच्या जागी दरी आहे. अलीकडची आणि पलीकडची पिल्लावळ लाखो वर्षं एकमेकींना भेटत नाही, आणि हळूहळू दोन्ही वेगळ्या होत जातात. कधी हा फरक रंगात दिसतो. कधी फक्त खवल्यांत, आणि मग तो दिसायला सूक्ष्मदर्शकच लागतो.

(दृश्य: प्रयोगशाळा. सूक्ष्मदर्शक, व्हर्नियर, वहीतल्या नोंदी.)

हे काम चिकाटीचं आहे, आणि बाहेरून पाहणाऱ्याला कंटाळवाणं वाटेल असं आहे.

आधी परवानगी. अभयारण्यात किंवा राखीव जंगलात वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय एक पालही उचलता येत नाही. मग डोंगरावर, जिवंत असतानाच, फोटो. कारण नमुना अल्कोहोलमध्ये गेला की रंग उडतात. ज्या निळ्या-केशरी गळ्यासाठी आपण इथे आलो, तो बाटलीत करडा होऊन जातो. त्यानंतर ऊतीचा छोटासा तुकडा वेगळ्या शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवायचा, कारण शरीर टिकवायला वापरतात ते फॉर्मॅलिन डीएनए खराब करतं. हा क्रम चुकला तर जनुकांचा पुरावा कायमचा हातचा जातो.

मग मोजणी. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी. डोक्याची रुंदी. डोळ्यापासून कानापर्यंतचं अंतर. ओठांवरचे खवले डावीकडून किती, उजवीकडून किती. पोटावर आडव्या ओळीत किती खवले, ते गुळगुळीत आहेत की मधोमध कणा असलेले. बोटाखाली किती पट्ट्या, आणि त्या अखंड की दुभंगलेल्या. पालींच्या नरांमध्ये मांडीखाली बारीक छिद्रं असतात; ती किती, सलग की मधे जागा सोडून. एका पालीची ही नोंद झाली की दुसरीची, मग तिसरीची. एकाच नमुन्यावरून बोलणं धोक्याचं, कारण दोन सख्ख्या बहिणींतही थोडा फरक असतोच. जातीतला फरक कोणता आणि दोन जातींमधला कोणता, हे ठरवायला संख्या लागते.

(दृश्य: संग्रहालयातली कपाटं, बरण्यांवरची हस्तलिखित लेबलं.)

आणि मग तुलना. माझ्या मते खरा शोध इथेच लागतो, डोंगरावर नाही. हातातली पाल वेगळी आहे हे सिद्ध करायचं तर तिच्यासारख्या आजवर नाव मिळालेल्या प्रत्येक जातीशी ती ताडून पाहावी लागते. साताऱ्याच्या पालीचं काम करताना, १९६३ मध्ये रत्नागिरीकडून नोंदलेली 'हेमिडॅक्टायलस अल्बोफॅसिएटस' बाजूला ठेवून चालणारच नव्हतं, तीही जमिनीवरचीच. प्रत्येक जातीचा एक मूळ नमुना असतो, त्याला होलोटाइप म्हणतात. नाव त्या एका देहाला बांधलेलं असतं. वाद झाला की त्या बरणीपाशी जायचं. आपल्या प्राण्यांच्या जुन्या बरण्या पुष्कळशा लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत, काही कोलकात्याला झूलॉजिकल सर्व्हेकडे, काही मुंबईला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत. ज्या दगडाखाली पाल राहते तिथून हजारो मैलांवर तिची ओळख बंद कपाटात असावी, हे मला बोचतं. पण त्या बरण्या जपल्या गेल्या म्हणूनच आज ही तुलना करता येते, हेही तितकंच खरं.

आता नियम बदललाय. २००२ च्या जैवविविधता कायद्याने नवी जात शोधणाऱ्याला तिचे नमुने नेमून दिलेल्या भारतीय संग्रहात जमा करणं बंधनकारक केलं आहे. साताऱ्याच्या डोंगरावरची ओळख आता आपल्याच देशात राहते.

जनुकांबद्दल अलीकडे फार बोललं जातं. दोन सरड्यांच्या डीएनएत अमुक टक्के फरक म्हणजे जात वेगळी, असं एकच मोजमाप कुठे लिहिलेलं नाही. फरक जनुकांत आहे, खवल्यांत आहे, गळ्याच्या रचनेत आहे आणि भूगोलही त्याला साथ देतोय, असे पुरावे एकाच दिशेने बोट दाखवू लागले की मगच निबंध लिहायला बसायचं. अशा घाई न करणाऱ्या निबंधांवरच माझा विश्वास आहे. घाईने दिलेलं नाव पुढे मागे घ्यावं लागतं, आणि ते निस्तरण्यात पुढच्यांची वर्षं जातात.

निबंधात जातीचं नाव, मूळ नमुन्याचं वर्णन, तो कुठे सापडला ती जागा आणि इतर जातींपासूनचं वेगळेपण, एवढं ठोस लिहावं लागतं. प्राण्यांची शास्त्रीय नावं स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसच्या १७५८ च्या ग्रंथापासून मोजली जातात. स्वतःचं नाव कोणी देत नाही, तसा संकेत आहे. मग इतर अभ्यासक तो निबंध तपासतात, शंका काढतात, काही वेळा परत पाठवतात. छापून आला की नाव जगाचं होतं.

(दृश्य: पवनचक्कीचं फिरतं पातं, त्याच्या सावलीत सरडा.)

नावाने काय फरक पडतो? चाळकेवाडीवरच त्याचं उत्तर आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पवनचक्क्या असलेला भाग आणि नसलेला भाग यांची तुलना केली. आमोद झांबरे आणि हर्षल भोसले या कामातही होते. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी सुमारे चौपटीने कमी होते. शिकारी कमी, म्हणून सरडे जास्त. त्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक कमी आढळलं, आणि माणूस बराच जवळ आला तरी ते पळत नव्हते. पण गर्दीमुळे खाण्याची चुरस वाढलेली, आणि नरांच्या गळ्याचे रंग फिके पडलेले.

ही पातळ झालेली निळाई कुणाच्या लक्षात आली असती? 'भारतभर सगळीकडे आढळणारा सरडा' एवढंच कागदावर असतं तर त्याच्या रंगासाठी चाळकेवाडीवर कुणी थांबलं नसतं. रस्ता, खाण, प्रकल्प, हॉटेल यांसाठी डोंगराची पाहणी होते तेव्हा यादीत 'सामान्य सरडा' लिहून पुढे जाता येतं. थोड्याशा पठारांपुरतीच उरलेली जात असेल, तर तसं जाता येऊ नये.

नाव छापून येण्यात एक धोकाही आहे. चीनमध्ये १९९९ साली नोंदलेली एक देखणी पाल पाळीव प्राण्यांच्या बाजारासाठी इतकी पकडली गेली की ज्या जागेवरून तिचं वर्णन झालं, तिथेच ती दिसेनाशी झाली. म्हणून आता काही अभ्यासक नेमका पत्ता छापत नाहीत. आम्हीही या चित्रफितीत पालींच्या नेमक्या कपारी दाखवलेल्या नाहीत.

(दृश्य: ग्रामपंचायतीचं कार्यालय. टेबलावर नोंदवही.)

याच जैवविविधता कायद्याने गावागावात जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही आणली. या वहीत गावातली झाडं, पिकं, मासे, पक्षी लिहायचे असतात. ज्या गावांच्या वर अशी पठारं आहेत, त्यांच्या वहीत 'सरडा' आणि 'पाल' एवढे दोन शब्द पुरणार नाहीत. कुठल्या पठारावर दिसला, कोणत्या महिन्यात, गळ्याला रंग होता की नव्हता, दगडाखाली होता की दगडावर, हे आबांसारख्या माणसांना विचारून लिहायला हवं. फोटो काढायचा तर एक बाजूने, एक वरून, आणि जमलं तर बोटं स्पष्ट दिसतील असा. तारीख आणि जागा त्याच्यासोबत. पालीसाठी दगड उलटायचे नाहीत, आणि एखादा उलटलाच गेला तर होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवायचा.