सीएनपेज : नावापेक्षा मोठं काम करणारं एन्झाइम

स्क्रीनवर दिसतोय तो उंदराच्या गर्भाचा मज्जारज्जू, आडवा छेद घेतलेला, वय साधारण साडेबारा दिवस. खालच्या बाजूचा तो अरुंद पट्टा बघा. आत्तापर्यंत इथून मोटर न्यूरॉन तयार होत होते, स्नायूंना हलायला सांगणारे, आणि आता त्याच पट्ट्यातल्या पेशी न्यूरॉन बनवायचं थांबवून ग्लिया, म्हणजे न्यूरॉनना साथ देणाऱ्या पेशी, बनवायला लागल्यात. ऑलिग-टू हा जीन दोन्ही कामांना लागतो, हे मला फार भारी वाटतं.

या नव्या पेशी मग सगळ्या मज्जारज्जूभर पसरतात, विभागत राहतात, आणि पिल्लाच्या जन्माच्या आसपास त्यातल्या बऱ्याच ऑलिगोडेंड्रोसाइट होतात, म्हणजे न्यूरॉनच्या लांब तंतूंवर मायलिन, फॅटचं थराथराचं आवरण, गुंडाळणाऱ्या पेशी. नुसत्या आकारावरून त्या ओळखणं अवघड, म्हणून संशोधक त्यांच्यातली एन्झाइम बघतात. शेजारच्या ॲस्ट्रोसाइटमध्ये, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या ग्लियामध्ये, ग्लुटामाइन सिंथेटेज हे एन्झाइम सापडतं, ते ग्लुटामेट (न्यूरॉन निरोप द्यायला वापरतात ते रसायन) आणि अमोनिया दोन्ही एका झटक्यात आवरतं. ऑलिगोडेंड्रोसाइटमध्ये मायलिनची फॅट बनवणारी एन्झाइम चालू होतात, आणि त्याच सुमारास दिसतं सीएनपेज.

याच्यावर जरा थांबूया. टेस्ट ट्यूबमध्ये हे एन्झाइम एका खास प्रकारचे न्यूक्लिओटाइड (आरएनए-डीएनएचे बारीक घटक) तोडतं, नावही त्यावरूनच पडलं, आणि वर्षानुवर्षं लॅबमध्ये त्याचा उपयोग मुख्यतः पेशीची ओळख पटवायलाच झाला. मग २००३ मध्ये सीएनपेज नसलेल्या उंदरांचा अभ्यास आला. मायक्रोस्कोपखाली मायलिन अगदी व्यवस्थित, थर नीट बसलेले, पण आतले तंतू जागोजागी सुजलेले, हळूहळू मरत चाललेले, आणि उंदीरही लवकर गेले.

आवरण चांगलं असून आतला तंतू का मरावा? उत्तराचा एक मोठा भाग पुढे मिळाला. मायलिन बेसिक प्रोटीन हे मायलिनमधलंच एक प्रोटीन थर एकमेकांना घट्ट चिकटवतं, इतकं की मधला पेशीद्रव बाहेर ढकलला जातो, आणि सीएनपेज त्याला विरोध करून थरांमधले बारीक रस्ते उघडे ठेवतं. वाढीच्या काळात मायलिनचा नवा माल याच रस्त्यांनी सगळ्यात आतल्या टोकापर्यंत जातो, आणि नंतर तंतूला लागणारं लॅक्टेटसारखं इंधनही ग्लियाकडून याच वाटेने पोचतं, कारण मायलिनखाली झाकलेल्या तंतूला बाहेरून थेट काही मिळायची सोय फारच कमी असते.